कुलपाच्या मागचं घर

मराठीत एम.ए. झालेल्या राहीला रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या एका लहानशा कंपनीत काम मिळालं होतं. वाड्यावस्त्या हिंडायच्या, घराघराची माहिती लिहून आणायची. तिथली शालन तांबे ती माहिती तर्काच्या नियमांत बसवायची. दरडीचा धोका आला की कुठली घरं हलवायची, हे संगणक त्यावरून ठरवायचा.

शालनचे वडील रामजी जांभ्या दगडाच्या चिरेखाणीत कामाला होते. ठोकून पाहिल्याशिवाय त्यांनी कधी चिरा रचू दिला नाही. लेक नियम तसेच ठोकून बघे. तर्कशास्त्र ती लांजा-रत्नागिरी एसटीत बसून शिकली होती.

गणपती चार दिवसांवर आले होते. पाऊस थांबत नव्हता. लांज्याकडच्या एका वाडीवरच्या डोंगराला भेग पडल्याचं सकाळी कळलं. संगणकाने यादी दिली. सहा घरं हलवा. सातवं, दीपक पाष्ट्यांचं, रिकामं.

"रिकामं कशावरून?" शालनने संगणकाला विचारलं. तिने त्याला तसं घडवलंच होतं. विचारलं की तर्काच्या पायऱ्या दाखवायचा.

तिसरी पायरी होती: दाराला कुलूप, म्हणून घरात कोणी नाही.

राहीने आपली वही उघडली. "ताई, ते कुलूप मी आषाढात पाहिलेलं."

"तू पाहिलंस ते लिहिलंस गो. नियम माझा चुकला. कुलूप दिसलं तर माणूस आहे की नाही, ते माहीत नाही. एवढंच."

तिने वाडीतल्या रघूकाकांना फोन लावला. "काका, दीपक पाष्ट्यांच्या घरात कोण आहे?"

"कोन असनार बाय? दीपक मुंबयला. कुलूप हाय."

"मागच्या दारी जाऊन बघा."

"या पावसात?"

"या पावसातच."

काका जाऊन येईपर्यंत तिने नियम बदलला. 'नाही' वेगळं, 'माहीत नाही' वेगळं. माहीत नसलेलं घर आधी बघायचं. राही थक्क होऊन बघत होती. कवितेच्या तासालाही एका शब्दापाशी कोणी इतकं थांबलेलं तिने पाहिलं नव्हतं.

फोन वाजला. "दीपक कालच आलाय, बायकापोरांसकट. पुढचं कुलूप गंजलंय, चावी फिरना. मागनं शिरलीत. चूल पेटलीय."

"विझवायला सांगा. सगळ्यांना शाळेत न्या."

दुपारी तीनला डोंगर खाली आला. पाष्ट्यांचं घर गेलं. माणसं शाळेत होती, सगळी.

शालनने वाडीच्या नोंदीत नवी ओळ घातली. सातवं घर, माणसं हलवल्यावर, सकाळी अकराला रिकामं. पाहणारे, रघूकाका.

मग तिने डबा उघडला.

"जेव गो," ती म्हणाली. "भाकरी वातड होतेय."