बाबांची पानांची टोपली

दिवेलागणीला बाबांच्या अंगात वारं शिरायचं. अमरावतीच्या वृद्धाश्रमात ते दुसऱ्यांच्या पलंगावरच्या चादरी ओढायचे, उलटायचे, पुसायचे, मग फाटकाची कडी हलवायचे. "मले जाऊ द्या. उशीर होऊन राहिला." कुठं जायचं ते सांगता यायचं नाही. विसरण्याच्या त्या आजारात माझं नावही गेलं होतं.

डॉक्टर म्हणाले, रविवारपर्यंत पाहू, नाहीतर झोपेची गोळी परत सुरू. मागे त्या गोळीनं बाबा ताटावरच पेंगायचे, घास गालात तसाच. मी हट्टाला पेटले.

तिथली सेविका शालूताई. तिनं मन रमावं म्हणून मांडीवर बाहुली दिली. जन्मभर अंजनगावला पानमळा केलेल्या बाबांना बाहुली! त्यांनी ती पलंगाखाली सारली. भजन लावलं तर म्हणाले, "बंद कर, डोकं उठते."

चादरी उलटणारे त्यांचे हात पाहून मला मळा आठवला. शनिवारी अकोल्याहून येताना विड्याच्या पानांची टोपली आणली. पानं रोज फिरवावी लागतात, सडकं काढावं लागतं, नाहीतर एकापायी सगळी टोपली जाते. बाबा बसले. पाणी शिंपडलं, एकेक पान पुसलं, उलटलं, सडकी बाजूला काढली. फाटकाकडे फिरकलेही नाहीत.

रविवारी शालूताईनं काम पुरावं म्हणून सडकी पानं परत चांगल्यांत मिसळली. बाबांनी एक पान हुंगलं अन् टोपलीच भिरकावली. "माल नासवून राहिले काहून?" शालूताईचा हेतू चांगला, पण मला तिचा रागच आला. दारात डॉक्टर उभे होते.

मी पानं वेचली, सडकी बाहेर टाकून आले. बाबा पुन्हा बसले, पण नजर सारखी खिडकीकडे.

"एवढी घाई काहून जी?" मी विचारलं.

"अंधार पडून राहिला, बाई. घरी रागिणी माह्याबिगर जेवत नाई. लहान हाय."

रागिणी मीच.

"तिचं जेवण झालं जी. आताच झोपली."

"जेवली?"

"वरण-भात. पोटभर."

त्यांनी हातातलं पान पुसून टोपलीत ठेवलं. "मंग होऊ दे सावकाश."

डॉक्टर दारातूनच परत फिरले. गोळी सुरू झाली नाही. आता रोज संध्याकाळी मी शालूताईला फोन करते. म्हणते, टोपली नंतर द्या, आधी सांगा, रागिणी जेवली.