चोवीस तासांचा कॅन

प्रयोगशाळेत तिला सगळे थेंबताई म्हणत. एकवीस वर्षं तिनं थेंब मोजण्यातच काढली होती, आणि एक थेंब इकडचा तिकडे झाला तर समोर साहेब असो की शिपाई, ती सारख्याच मापानं झापायची. सध्या काम चाललं होतं समुद्री शेवाळावर. शेवाळ धुवायचं, वाळवायचं, दळायचं, त्यातून एक चिकट अर्क काढायचा आणि तो लघवीत घातला की मुतखड्याचे स्फटिक वाढायचे थांबतात का, ते काचेच्या नळीत बघायचं. लघवी हवी होती ती शरीरसौष्ठव करणाऱ्यांची. ही मंडळी प्रथिनं खातात ढिगानं, आणि स्पर्धा जवळ आली की अंग कोरीव दिसावं म्हणून पाणी पिणं तोडतात, त्यामुळे त्यांच्या लघवीत स्फटिक लवकर धरतात.

असा माणूस थेंबताईच्या घरातच होता. धाकटा भाऊ जिममध्ये शिकवायचा. खांदे असे की दारातून तिरका आत यायचा. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलेला, त्यामुळे चाळिशी आली तरी तिच्यापुढे त्याची शेळी व्हायची. तिनं त्याच्या हातात पांढरा कॅन दिला. "चोवीस तासांची सगळी लघवी यात. चुकवाचुकवी नको." त्यानं निमूट मान डोलावली आणि सांगितल्या दिवशी कॅन भरून आणून दिला.

पहिलाच आकडा बघून तिच्या भुवया चढल्या. क्रिएटिनिन स्नायूंतून लघवीत उतरतं. जितके स्नायू जास्त, तितकं ते जास्त. या कॅनमध्ये ते इतकं कमी होतं की देणारा काडीपैलवानच असणार. तिनं पुन्हा मोजलं. तोच आकडा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर टोकदार स्फटिकांची नुसती दाटी, आणि मधूनमधून रक्तपेशी. घरात काडीपैलवान एकच होता: बाबा.

अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती घरी आली. टेबलाशी बाबा शब्दकोडं सोडवत होते आणि भाऊ उकडलेल्या अंड्यांचं पांढरं वजनकाट्यावर ठेवत होता.

"कॅन कोणी भरला?"

भावानं मान वर केली नाही. "ताई, चार दिवसांवर स्पर्धा आहे. काही वाईट निघालं असतं तर तू मला पाणी प्यायला लावलं असतंस. म्हणून बाबांना म्हटलं..."

"आणि तुम्ही भरलात, बाबा?"

"त्यात काय एवढं? मला कुठे स्पर्धेत उतरायचंय?"

"कंबर दुखते?"

बाबांनी कोड्यातला एक शब्द भरला. "तीनेक महिने झाले. वय झालं की दुखायचंच."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोघांनाही तिनं असं फैलावर घेतलं की भावानं वजनकाटा बंद केला. आणि मग तिला रडूच कोसळलं. जगाच्या लघव्या तपासणारी ती, आणि बाप तीन महिने कंबर धरून उठतो ते तिला दिसलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सोनोग्राफीत बाबांचा खडा दाखवला. मुगाच्या दाण्याएवढा. भरपूर पाणी प्यायलं तर पडून जाईल, म्हणाले, पण अडकून बसला तर मूत्रपिंड गोत्यात येईल.

"तुझा तो शेवाळाचा अर्क दे की यांना," भाऊ वाटेत म्हणाला.

"तो अजून काचेच्या नळीतच आहे. माणसाला द्यावं एवढं काही आम्हाला कळलेलं नाही. पाणी मात्र कळलंय."

पण बाबा पाणी पितील तर शपथ. घरी आल्यावर तिनं समोर ठेवलेला पेला त्यांनी सरकवून दिला. "सारखं उठावं लागतं मग. आणि मलाच का? तो तरी कुठे पितोय?"

भाऊ सकाळपासून नुसत्या चुळा भरून थुंकत होता. वर्षभर त्यानं एकेक घास तोलून खाल्ला होता. आता पाणी पोटात गेलं की कोरलेलं अंग सुजणार आणि स्पर्धा हातची जाणार, हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं. त्यानं आपल्या दंडाकडे एकदा बघून घेतलं.

"ताई, मलाही ओत."

तो घटाघटा प्यायला. लगेच दुसरा पेला मागितला, तोही संपवला.

बाबा बघतच राहिले. "अरे, वर्षभर राबलास ना..."

"पुढच्या वर्षी परत राबेन. तुम्ही प्या."

बाबांनी पेला ओढून घेतला आणि तळापर्यंत रिकामा केला.