पुन्हा त्याच दारी

शीलाताई गेल्याचं मला लोहाऱ्याच्या एसटी स्टँडवर कळलं. त्यांचे यजमान दिलीपराव फोनवर एवढंच म्हणाले, "सकाळी चहा घेतला, अन् बसल्या जागी..." त्याला आता दीड महिना होत आला.

आम्ही एकाच अभ्यासात काम करायचो. मी धाराशिवच्या कार्यालयात, त्या गावोगाव. गरिबीत जन्मलेली लेकरं कशी वाढतात हे पाहण्यासाठी वेगवेगळ्या देशांतली मुलं निवडली होती, त्यांतली काही आपल्या जिल्ह्यातली. काही वर्षांच्या अंतरानं त्याच घरी जायचं. काय खातात, शाळा सुटली का, कामाला कधी लागली, सगळं विचारायचं. मुलं कर्ती होईपर्यंत हे चालायला हवं होतं. पैसा परदेशी संस्थेचा, आणि तो दर फेरीला नव्यानं मंजूर व्हायचा. पोर वाढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा धीर पैसा देणाऱ्यांना असतोच असं नाही.

एकदा त्या संस्थेच्या बाई काम पाहायला सास्तूरला आल्या. पुढचा निधी त्यांच्या अहवालावर ठरणार होता. आम्ही त्यांना सरूबाईंच्या घरी नेलं; त्यांची लेक आमच्या अभ्यासात होती. शीलाताईंनी समाजकार्याचं शिक्षण घेतलेलं, इंग्रजी बरं, म्हणून दुभाषी त्याच. सरूबाईंनी चहा ठेवला आणि सरळ म्हणाल्या, "लेकरू रांगत होतं तवापासून इचारताय. आमाला काय मिळालं त्यातनं? इचार की पाव्हणीला."

आमचे प्रमुख हळूच म्हणाले, "ताई, ते राहू द्या. सहकार्य चांगलं आहे, एवढंच सांगा."

"सर, त्या तसं म्हणाल्या नाहीत," शीलाताई म्हणाल्या, आणि होतं तसं इंग्रजीत सांगून मोकळ्या झाल्या.

पाहुण्या बाईंनी विचारलं, काहीच मिळत नाही, तर तुम्ही उत्तरं का देता?

"बाकीचे एकदा येत्यात, फोटू काढत्यात अन् जात्यात," सरूबाई म्हणाल्या. "ही परत येती, म्हून सांगतो."

निधी थांबलाच. फळ लवकर दिसेल अशाच कामांना यापुढं पैसा, असं संस्थेचं धोरण ठरलं होतं. बाईंच्या अहवालाचा त्यात किती वाटा, हे आम्हाला कधीच कळलं नाही. कार्यालय बंद झालं. मी कॉलेजात शिकवू लागलो. शीलाताई मात्र निरोप घ्यायला जावं तशा एकेका घरी जाऊन आल्या. कशाला, विचारलं तर म्हणाल्या, "परत येते म्हणून सांगितलं होतं. येणार न्हाय, हे सांगायलाबी जायला नको का?"

काही वर्षांनी दुसऱ्या एका संस्थेनं तोच अभ्यास पुढं नेला, तेव्हा शीलाताई परत कामावर आल्या आणि कॉलेज सांभाळून मीही. मधली वर्षं नोंदींविना गेली होती. तरी आम्ही गेलो त्या घरांनी दार उघडलं. सरूबाईंची लेक तोवर नर्सिंग शिकत होती. तिनं शीलाताईंना हसत विचारलं, "आता मीच उत्तरं देऊ का, आईला बोलवू?" ताईंनी तिला शेजारी बसवून घेतलं. मी त्यांना त्या दिवशीइतकं खुशीत कधी पाहिलं नाही.

परवा दिलीपरावांकडं गेलो होतो. ताईंचा मोबाईल त्यांनी चालू ठेवलाय. आम्ही बोलत असतानाच तो वाजला. पलीकडं आमच्या अभ्यासातलाच एक मुलगा होता, आता तरुण झालेला. "ताई, आमी लातूरला राहायला आलोय. पुढच्या वेळी गावाकडं जाऊ नका, हितं या."

दिलीपरावांनी माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "सांग बाळा, पत्ता सांग..."