रोटातली जादा मूठ

लग्नानंतर लागोपाठ दोन श्रावण माझी पाळी नेमकी कानबाईच्या रविवारी आली. कानबाई खान्देशात बसते तशीच सुरतेत, डिंडोलीच्या आमच्या दोन खोल्यांतही बसते. पाटावर नारळाची देवी, तिला नथ, हिरवं पातळ, आणि पुढे रोट. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घ्यायचा, त्याच पिठाचा रोट करायचा आणि तो घरच्यांनीच संपवायचा. बाहेरच्याला कणही द्यायचा नाही. दोन्ही वर्षं मी गॅलरीत चटईवर बसून हे सगळं दारातून बघितलं. चुलत जाऊ येता-जाता मला "बिचारी" म्हणायची. त्या शब्दाचा मला असा राग यायचा की चटईच्या काड्या मी उपसून काढल्या.

तिसऱ्या वर्षी सासूबाईंच्या गुडघ्यांनी संप केला. सगळे भाऊबंद आमच्याकडेच जमणार होते. सासूबाईंनी जाहीर करून टाकलं, "यंदा रोट मनी सून करी."

झालं. त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तारखा कशाही मोजा, पाळी पुन्हा रविवारच्या आसपासच येत होती. पर्वत पाटियाजवळ एका दुकानात मी साड्यांच्या घड्या घालायचे. तिथे पदर आत आणि फॉल बाहेर अशा घड्या पडायला लागल्या. शेठ म्हणाले, "बेन, ध्यान क्यां छे?" ध्यान कुठे असणार, कॅलेंडरवर! झोप उडाली, घास उतरेना, कुकरची शिट्टी झाली तरी मी नवऱ्यावर खेकसायचे. तो बिचारा कारखान्यातल्या लूमच्या खडखडाटातून घरी येऊन अजून मोठा खडखडाट ऐकायचा.

आणि गंमत म्हणजे त्याआधीच्या महिन्यातली पाळी आलीच नाही. तारीख उलटली, आणखी दिवस गेले, तरी काही नाही. आधी मी खूश झाले. मग विचार आला, आता ही लांबून लांबून रविवारीच टपकणार. पुन्हा काळजी सुरू.

आमच्या घरात सून बाजूला बसली नाही, हे सासूबाईंना कुणी सांगावं लागत नाही. त्यांनी आपला हिशेब केला आणि कुणालाच सांगितलं नाही, म्हणजे अख्ख्या गल्लीला सांगितलं. माझ्या ताटात खीर पडू लागली. "आंबट खावानं मन व्हस का व?" असं त्या दिवसातून कितीदा तरी विचारायच्या. मला फक्त झोपावंसं वाटत होतं.

गहू मोजायची वेळ आली. सासऱ्यांची मूठ झाली, नवऱ्याची झाली, दिराची झाली. मग सासूबाईंनी आणखी एक मूठ टाकली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

त्यांनी नुसतं माझ्या पोटाकडे बघितलं.

"आणि मुलगी झाली तर?" माझा आवाज चढलाच.

"कानबाईले सगळं समजस," म्हणत त्यांनी गहू एकत्र केले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांनाच घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. तपासणी झाली, सोनोग्राफी झाली. दिवस गेले नव्हते आणि दुखणंही कसलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "बेन, बहु टेन्शन लो छो?" मग त्यांनी समजावलं की पाळीचा हुकूम मेंदूकडून सुटतो. मन सारखं धास्तावलेलं असलं, झोप-जेवण बिघडलं, की तो हुकूम अडकून पडू शकतो आणि पाळी लांबते. पुढच्या महिन्यातही असंच झालं तर परत या, म्हणाल्या. पाळी येईल या धसक्यानेच मी पाळी अडवून धरली होती, हे ऐकून मला आधी रडू आलं आणि मग हसू आवरेना.

रिक्षात सासूबाई म्हणाल्या, "इतली कसानी भीती वाटनी तुले?"

"गॅलरीची," मी म्हटलं.

चौकात रिक्षा थांबवून त्यांनी खमण घेतलं आणि आम्ही दोघींनी ते रिक्षातच संपवलं. घरी आल्यावर मी त्या जादा मुठीचं विचारलं. देवीच्या नावाने मोजलेलं परत काढत नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या. त्या रात्री मी मेल्यासारखी झोपले.

रविवारी सकाळी न्हाऊन केस पुसत होते, आणि पाळी आली. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, त्याच गव्हाच्या पिठाची परात मांडलेली होती. कुणी सांगायच्या आत आपणच गेलेलं बरं, म्हणून मी चटई उचलली.

"कोठे चालनी?" सासूबाईंनी विचारलं.

"आली," मी म्हटलं.

चुलत जावेने "बिचारी" म्हणायला तोंड उघडलंच होतं. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि ते मिटलं. मग त्या देवीकडे बघत बसल्या, मला नकोसं होईल इतका वेळ.

शेवटी त्यांनी परात माझ्याकडे सरकवली. "त्यामा एक मूठ तुनी शे. आपला रोट आपणच करना पडस. बस."

मी चटई टाकली, हात धुतले आणि बसले. पहिला रोट वाकडा झाला. तो मीच खाल्ला, आणि तसा गोड घास मी आजवर खाल्लेला नाही.

पुढच्या श्रावणात गहू मोजताना सासूबाईंनी न विचारता माझी मूठ टाकली. मग थोडं थांबल्या, इकडेतिकडे बघितलं आणि स्वतःचीही टाकली.