टेबलाखाली टांगलेला कॉम्प्युटर

एका कंपनीत वीस वर्षं काढली की माणसाला दोनच गोष्टी चिकटून राहतात. एक पाठदुखी आणि दुसरे किस्से. पाठदुखीला निदान मलम तरी आहे. किस्से मात्र लग्नात, बाराव्याला, कुठेही जुना सहकारी भेटला की आपोआप बाहेर पडतात. मध्यंतरी खरवईला एकाच्या वास्तुशांतीला आम्ही जुने चारजण जमलो होतो. यजमानांनी कौतुकाने नवा कॉम्प्युटर दाखवला. डबा टेबलाखाली, छान कप्प्यात बसवलेला. आम्ही चौघांनी एकमेकांकडे बघितलं आणि जे हसत सुटलो! वहिनी घाबरल्याच. म्हणाल्या, "भावजी, काही चुकलं का आमचं?"

तुमचं नाही वहिनी. आमचं चुकलं होतं. आणि मुळात माझं.

* * *

आमची कंपनी अंबरनाथच्या एमआयडीसीत. काम टाक्या बनवण्याचं. केमिकलवाल्यांना लागतात तशा लोखंडी, स्टीलच्या, दोन-दोन मजली टाक्या. मी ड्राफ्ट्समन, म्हणजे या टाक्यांची ड्रॉइंग काढणारा. बदलापूरहून स्कूटरवर यायचो. ऑफिसात आम्ही मोजून तिघं: मी, ऑफिस सुपरिंटेंडंट जोशी साहेब आणि टायपिस्ट कांबळेबाई.

बाई उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या. अठरा वर्षं टायपिंग केलं, पण पत्रात कधी खाडाखोड नाही. यजमान कामाला होते तो कारखाना बंद पडलेला, ते आजारी, घरीच. मुलगी दहावीला. घर बाईंच्या नोकरीवर.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत कधीतरी हेड ऑफिसचं पत्र आलं. टायपिस्ट ही पोस्ट बंद. बाई तीन महिन्यांत कॉम्प्युटर शिकून टेस्ट पास झाल्या तर ऑपरेटर म्हणून इथेच राहतील. नाहीतर बदली गुजरातच्या प्लांटला. आजारी नवरा आणि दहावीची मुलगी घेऊन बाई गुजरातला कशा जाणार होत्या? बदली म्हणजे राजीनामाच, हे तिघांनाही कळलं.

जोशी साहेबांनी पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. बाईंनी शांतपणे विचारलं, "कॉम्प्युटर कधी येणार?"

साहेबांनी पत्र उलटंपालटं करून बघितलं. म्हणाले, "त्याबद्दल काही लिहिलेलं नाही!"

* * *

कॉम्प्युटर आला तेव्हा टेस्टला सहा आठवडे उरले होते. तोवर बाईंनी कॅम्प चारमध्येच एक क्लास लावला होता आणि त्या घरी पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून बोटं फिरवायच्या.

कॉम्प्युटर दिला उल्हासनगरचे सिंधी दुकानदार हरेशभाई यांनी. ते स्वतः जुळणी करून द्यायचे. हाडाचा सज्जन माणूस. त्यांनी सगळं बाईंच्या टेबलावर मांडलं. मधे टीव्हीसारखा पडदा आणि शेजारी तो उभा डबा. झालं! बाईंच्या टेबलाला टेबल लावून समोर जोशी साहेब बसायचे. डबा नेमका दोघांच्या मधे आला.

साहेब दोन दिवस मान इकडून तिकडून काढून बघत राहिले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे इथून काढा. अठरा वर्षं मी बाईंवर लक्ष ठेवलंय. आता काय डब्यावर ठेवू?"

डबा खाली जमिनीवर गेला. आमच्या सगळ्या एमआयडीसीला सुट्टी शुक्रवारी. त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी झाडलोट करणाऱ्या मावशी ऑफिसात बादल्याच्या बादल्या ओतून फरशी धुवायच्या. अठरा वर्षांचा रिवाज. त्या गुरुवारीही धुतली. डबा वाचला तो केवळ बाईंनी त्याला दोन विटांवर बसवला होता म्हणून.

हरेशभाई धावत आले. म्हणाले, "साईं, या तो पानी बंद करा, या कंप्यूटर वर घ्या."

जोशी साहेबांनी दोन्हीतलं काहीच ऐकलं नाही. वर नको आणि खालीही नको. म्हणाले, "मग मधे टांगू! आपण पन्नास टनांच्या टाक्या टांगतो. हा डबा काय टांगता येणार नाही?"

* * *

आमच्या कंपनीत ड्रॉइंगशिवाय खिळासुद्धा ठोकत नसत. मी रीतसर ड्रॉइंग काढलं. टेबलाच्या फळीखाली एक लोखंडी चौकट, त्यात डबा. समोरून, बाजूने, वरून असे तीन व्ह्यू. जोशी साहेबांनी 'अप्रूव्ह्ड' लिहून सही केली आणि ते खाली वर्कशॉपमध्ये भोईर फोरमनकडे गेलं.

भोईर बारवी धरणाकडच्या गावातला. वेल्डिंगमध्ये त्याचा हात धरणारा माणूस आख्ख्या एमआयडीसीत नव्हता. दहा मिनिटांनी तो ड्रॉइंग घेऊन वर आला.

"साहेब, टेस्ट प्रेशर नाय लिवला?"

म्हटलं, "भोईर, हा कॉम्प्युटर आहे."

"आसंल. पन आत काय भरनार? पानी का ॲसिड?"

* * *

भोईरने चौकट बनवली ती टाकीच्या स्टँडला लागतो त्या जाड लोखंडी अँगलची. कॉम्प्युटरपेक्षा चौकट जड. लोड टेस्ट म्हणून स्वतः तिच्यावर उभा राहून दोन उड्या मारल्या. चौकट हलली नाही. टेबलाची फळी मात्र चिरली. मग फळीच्या जागी पत्रा आला. पत्र्याला लाकडी पाय कमी पडले म्हणून लोखंडी चॅनेलचे पाय आले. चॅनेलचे पाय डुगडुगू नयेत म्हणून चारही पाय फाउंडेशन बोल्टने फरशीत पक्के केले.

मी विचारलं, "अरे, उद्या टेबल सरकवायचं झालं तर?"

भोईर म्हणाला, "बिल्डिंग सरकवा."

दुपारी हरेशभाई सहज चक्कर मारायला आले, तर टेबलाखाली ठिणग्या उडत होत्या. डबा चौकटीत बसवून झाला होता आणि चोराने नेऊ नये म्हणून भोईर त्यावरून एक आडवी पट्टी वेल्ड करत होता. कॉम्प्युटरला आच लागू नये याची मात्र त्याने पूर्ण काळजी घेतली होती. डब्यावर ओलं गोणपाट टाकलं होतं!

हरेशभाई दारातच खाली बसले. "साईं," एवढंच म्हणाले. मग ठिणग्यांकडे बोट दाखवून, "बॉयलर नहीं है, साईं."

आश्चर्य म्हणजे कॉम्प्युटर सुरू झाला. आणि सुरू झाल्यावर एक गोष्ट लक्षात आली. बाई खुर्चीत बसल्या, बटण शोधायला टेबलाखाली वाकल्या आणि तशाच म्हणाल्या, "याचं तोंड कुठंय?"

तोंड जोशी साहेबांकडे होतं. बटणं, फ्लॉपीची फट, सगळं साहेबांच्या पायांशी.

मी भोईरला बोलावून ड्रॉइंग दाखवलं. स्वच्छ लिहिलं होतं, 'फ्रंट'. भोईर म्हणाला, "मंग? आपल्याकं फ्रंट म्हंजी जिकडं साहेब उभा ऱ्हातो ती बाजू. टाकीचा झाकन पन तिकडंच ठेवतो आपन."

खरं होतं. आमच्याकडे इन्स्पेक्शनला येणारा साहेब जिथे उभा राहतो ती बाजू फ्रंट, हे मी स्वतः नव्या पोरांना शिकवायचो. वर साहेबांची सही होती. डबा फिरवायला पट्टी कापायची तर गॅस कटर लागणार. हरेशभाईंनी हात जोडून सांगितलं, आता याच्याजवळ पुन्हा आग आणू नका.

* * *

मग रोज सकाळी बाई उठून टेबलाला वळसा घालून यायच्या आणि म्हणायच्या, "साहेब, पाय." साहेब पाय वर घ्यायचे. बाई बटण दाबायच्या. फ्लॉपी घालायची झाली की पुन्हा, "साहेब, पाय." काढायची झाली की पुन्हा. दिवसातून पंधरा वेळा साहेब खुर्चीत पाय वर घेऊन बसलेले.

आठवड्याने साहेब वैतागले. "त्यापेक्षा द्या इकडे, मीच घालतो!"

तेव्हापासून बाई समोरून नुसता हात पुढे करायच्या आणि आमचे ऑफिस सुपरिंटेंडंट फ्लॉपी घेऊन टेबलाखाली वाकायचे. आठवडाभरात त्यांना सवय झाली. बाई म्हणायच्या, "काढा." साहेब काढायचे. "दुसरी घाला." साहेब घालायचे. एकदा चेकवर सही हवी म्हणून मी हाक मारली, तर टेबलाखालून आवाज आला, "थांबा हो, बाईंचं काम चालू आहे!"

* * *

इथपर्यंत गंमत होती. मग कॉम्प्युटर मधेच बंद होऊन पुन्हा सुरू व्हायला लागला. बाईंनी पान टाइप करत आणलं की फट्, पडदा काळा. केलेलं सगळं गेलं. दिवसातून चार वेळा, पाच वेळा. टेस्ट तीन आठवड्यांवर.

जो तो डॉक्टर झाला. मी म्हटलं, व्होल्टेज. भोईर म्हणाला, त्याच्या पत्रे वळवायच्या रोलिंग मशीनने झटका बसत असेल. हरेशभाईंनी वायरी बदलल्या. डबा उघडून बघायला पट्टी आडवी येत होती. जोशी साहेब म्हणाले, "बाईंचा हात टाइपरायटरचा आहे. जड पडतो." बाई बोटं इतकी हळू टेकवायला लागल्या की अक्षरच उमटायचं नाही.

एकदा चहा पिताना साहेब मला म्हणाले, "एका वयानंतर नवीन गोष्ट जमत नाही हो." बाई बेचाळीसच्या होत्या आणि साहेब छप्पन्नचे. हे बाईंनी ऐकलं. त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा न खाता तसाच घरी नेला. मला फार वाईट वाटलं. ती चौकट शेवटी माझ्या ड्रॉइंगची होती.

त्या रडत बसणाऱ्यातल्या मात्र नव्हत्या. शॉर्टहँडच्या वहीत मागच्या पानावर त्यांनी लिहायला सुरुवात केली. कॉम्प्युटर किती वाजता गेला आणि तेव्हा ऑफिसात काय चाललं होतं. टेस्ट गुरुवारी होती. मंगळवारी दुपारी बाईंनी वही मिटली आणि म्हणाल्या, "साहेब, जरा घरी फोन लावता का?"

"का हो?"

"लावा तर."

साहेबांनी फोन लावला. पलीकडून साहेबांच्या मिसेसनी उचलला. साहेब "हो. हो. आणतो. विसरलो नाही," असं म्हणायला लागले आणि त्यांचा उजवा पाय हलायला लागला. आधी हळू, मग जोरात. बूट पुढे, मागे, पुढे...

फट्! पडदा काळा.

रीसेटचं बटण बरोबर साहेबांच्या बुटासमोर होतं. फोनमधून आवाज येत होता, "अहो, ऐकताय ना?"

* * *

साहेबांनी माफी मागितली नाही. तो त्यांचा स्वभावच नव्हता. बुधवारी त्यांनी बूट काढून ठेवले आणि दिवसभर खुर्चीत मांडी घालून बसले. बाईंनी चार पत्रं आणि दोन कोटेशन सलग टाइप केली. एकदाही अडथळा नाही. गुरुवारी साहेबांनी आपली खुर्ची सोडून माझ्या स्टुलावर बसायचं असं ठरलं. उपाय इतका सोपा होता.

गुरुवारी अकरा वाजता हेड ऑफिसचे साहेब आले. उंच, सफारी घातलेले, पायात चकचकीत काळे बूट. अर्ध्या तासात दोन पत्रं आणि एक कोटेशन, असं सांगून त्यांनी कागद बाईंपुढे ठेवला, घड्याळ बघितलं. मग ऑफिसभर नजर फिरवली आणि त्यातल्या त्यात बरी खुर्ची बघून बसले. जोशी साहेबांची!

जोशी साहेब उठून म्हणाले, "सर, ती खुर्ची जरा..."

"चालेल हो मला. यू सिट," म्हणून त्यांनी पायावर पाय टाकला. वरचा बूट हवेत झुलायला लागला. बटणापासून चार बोटं.

बाईंनी पहिलं पत्र संपवलं. दुसरं संपवलं. बूट तीन बोटांवर आला. मी त्या बुटाकडेच बघत होतो. सरांना पाय हलवू नका म्हणून कोण सांगणार? आणि सांगायचं तर चौकट कोणाच्या सहीने झाली तेही सांगावं लागणार. कोटेशन अर्ध्यावर आलं आणि सरांनी पाय बदलला.

त्याबरोबर जोशी साहेब उठले. छप्पन्न वर्षांचे, गुडघे दुखणारे. सरळ गेले आणि सरांच्या पायांशी जमिनीवर बसले. दोन्ही हात टेबलाखाली, बूट आणि बटणाच्या मधे. मान खाली.

सर दचकले. "अहो! हे काय करताय?"

"काही नाही सर. चालू द्या."

"अहो, उठा! तुम्ही वयाने मोठे, माझ्या पाया काय पडताय? एवढं काय त्यात? बाईंची बदली नाही करत मी, झालं? कॅन्सल! उठा बघू!"

जोशी साहेबांनी हात काढले नाहीत. कीबोर्डचा आवाज मात्र थांबला नव्हता.

बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "सर, टेस्ट पूर्ण होऊ द्या. अजून पाच ओळी राहिल्यात."

पाच ओळी झाल्या. प्रिंटर करकरला. सरांनी तिन्ही कागद वरून खालपर्यंत वाचले. एकही चूक नव्हती. त्यांनी खाली 'पास' लिहून सही केली.

मग कांबळेबाई उठल्या. टेबलाला वळसा घालून जोशी साहेबांच्या बाजूला आल्या, खालच्या बटणाकडे एक नजर टाकली आणि त्यांना हात दिला. म्हणाल्या, "जोशी साहेब, उठा आता. आमच्यात कोणी कोणाच्या पाया पडत नाही."