ताराबाईची विरळणी

दौलतनं उभा जन्म जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी वाहिल्या. तिथं एक बरं होतं. ठेवलेली गाठ ठेवली तिथंच सापडायची. घरात तसं नव्हतं.

रिटायर झाल्यावर त्यानं गोल निवडुंगाचं बी पेरलं. हा निवडुंग पिंपासारखा फुगतो, अंगभर काटे असतात. दौलतला मात्र त्यातला बिनकाट्याचा पाहिजे होता, क्वचित मिळणारा. मुलीनं, प्रगतीनं, बी कुरिअरनं मागवून दिलं. सगळी रोपं तशी निघत नाहीत, बरीच काटेरीच होतात, हेही तिनंच सांगितलं. बोडकी निघतात ती थोडी, आणि वाढतातही हळू.

दौलतनं वाळू चाळली, तव्यावर भाजली, विटेचा चुरा मिसळून मिठाईच्या डब्यात बी पेरलं. त्यांच्या मावला गावचं ऊन कडक. डबा सकाळी बाहेर, दुपारी आत. दुसऱ्या वर्षी रोपं वाटाण्याएवढी झाली, तेव्हा कुठं त्यात तीन बोडकी दिसली.

मग तो बोथ गावी एका लग्नाला गेला. परत येतो तर काटेरी रोपं ऐसपैस उभी, बोडकं एकही नाही.

"हे कोनं केलं?"

"म्या," ताराबाई म्हणाली. "दाटी झाली होती. मरतुकडी उपटली."

बायकोची उमर बेला गावच्या कापसात विरळणी करण्यात गेली होती. जोमाचं ठेवायचं, किरकोळ उपटायचं. तिचं बोट कधी चुकलं नव्हतं. आजही चुकलं नव्हतं, म्हणून दौलतला जास्तच संताप आला.

"अवं, मले तीच पाह्यजे होती."

"अंगात काट्याचंबी बळ नाही, ते काऊन पाह्यजे?"

"कुठं टाकली?"

"उकिरड्यावर. कोंबड्यायनं ठेवली असली त पाहा."

दौलतनं अख्खा उकिरडा चाळणीतून काढला. एक सापडलं. सुरकुतलेलं, मूळ तुटलेलं.

"आना इकडं. रोवते, पानी घालते."

"हात लावू नको. तुटलेलं मूळ आधी सुकू द्या लागते."

"उपटलेल्या रोपाले सुकवता? तुमची अक्कल गाठीखालीच राह्यली."

त्यानं रोप सावलीत कागदावर ठेवलं. ताराबाई पाण्याचा गडवा घेऊन तिकडून गेली की तो खाकरायचा. मूळ सुकल्यावर कोरड्या वाळूत बसवलं. पुढं कितीतरी दिवसांनी बोटानं हळूच ढकलून पाहिलं. हललं नाही. मूळ धरलं होतं.

ताराबाईनं वाकून पाहिलं. "काम ना धाम, एका जागी बसून राह्यलं. हेबी रिटायरच हाय."

दौलतनं डबा उचलून तिचा हात पोचणार नाही अशा फळीवर ठेवला.

तिनं स्टूल कुठं आहे ते पाहून घेतलं.