बाल्कनीच्या उंबऱ्यावरचा पंचा

सानिका, ओम,

भुताखेतांच्या गोष्टी तुमच्या आजीने तुम्हाला कधी सांगितल्या नाहीत, कारण माझा त्यांवर विश्वासच नव्हता. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. वर्गात कुणी असलं काही बोललं, की "पुरावा आण" म्हणून खाली बसवायचे. पण परवा इंटरनेटवर कुवेतच्या आपल्या घराचा फोटो पाहून तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, व्हॉट्स दॅट क्लॉथ ऑन द फ्लोअर?" आणि मी विषय बदलला. आता घडलं तसं लिहिते...

कुवेतच्या फिंतास भागातला चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. हॉलमधून समुद्राची निळी पट्टी दिसायची. युद्धानंतर, नव्वदच्या दशकात आम्ही तिथे राहायला गेलो. वाळवंटातून धुळीचं वादळ आलं — तिथे त्याला तोझ म्हणतात — की बाल्कनीच्या सरकत्या दाराखालून धूळ घरभर पसरायची. तुमच्या आजोबांना आधीच तिचा वास लागायचा. मग ते आपला पंचा भिजवायचे, पिळून त्याची गुंडाळी करायचे, दोन्ही टोकांना गाठ मारून दाराशी घट्ट बसवायचे.

"प्लँटमध्ये एवढी माणसं हाताखाली, आणि घरी पंचे पिळता!" मी म्हणायचे.

"तिथली गळती बघायला पुष्कळ आहेत गं. इथली माझी."

ते गेले, तेव्हा त्यांना विमानाने नाशिकला आणलं. तोच पंचा, एका कोपऱ्यात मी लाल दोऱ्याने रफू केलेला, त्यांच्या अंगावर घातला होता. तो त्यांच्याबरोबर चितेवर गेला. तुमच्या बाबाने पाहिलंय, मीही पाहिलंय.

मग तिथल्या माझ्या शाळेचं वर्ष पुरं करायला आणि घर आवरायला मी एकटीच कुवेतला परत गेले. पुण्यात बाबाने सगळी सोय केली होती, पण माझा पाय निघेना. अस्थी गोदावरीत सोडल्या, तरी मला वाटायचं, ते या घरातच आहेत... मी निघाले तर मागे एकटे राहतील. हे कुणाला सांगणार?

नवा भाडेकरू शोधायला मालकाच्या एजंटला फोटो हवे होते. घरात कुणाचीही खूण दिसायला नको, अशी त्याची अट. देव डब्यात ठेवले. दाराचं तोरण उतरवलं. फ्रिजवरची तुमची चित्रं काढली. सोफ्यावर आजोबांच्या डोक्याच्या तेलाचा डाग होता, तो घासून घासूनही निघाला नाही. उशी ठेवून झाकला. शेवटी बाल्कनीचा उंबरा पुसला आणि फडकं धुऊन बाथरूममध्ये वाळत घातलं.

सकाळी फोटोग्राफर आला. थॉमस, केरळचा, चांगला पोक्त माणूस. बाहेर लख्ख ऊन. कॅमेऱ्यातून बघत तो म्हणाला, "आंटी, वो गीला कपड़ा हटाओ ना. फोटो में आ रहा है."

"कौन सा कपड़ा?"

दाराशी पंचा होता. पिळलेला, दोन्ही टोकांना गाठी. लाल रफू वरच्या बाजूला.

थॉमस उचलायला वाकला. "रहने दो," मी म्हणाले.

"एजंट चिल्लाएगा, आंटी."

"चिल्लाने दो. ऐसे ही खींचो."

काहीतरी पुटपुटत त्याने फोटो काढला. मी त्याला चहा दिला. तो पिऊन होईपर्यंत बाहेरचं आकाश केशरी झालं, समुद्र दिसेनासा झाला. "अभी तो धूप थी!" म्हणत तो गाडी काढायला पळाला.

बेडरूम, स्वयंपाकघर, सगळीकडे धुळीचा थर बसला. हॉलमध्ये कणही नव्हता. मी पंचा उचलायला गेले... तो नव्हता. फरशीवर फक्त एक ओली पट्टी होती. मी तिच्यावर हात ठेवून बसले, ती वाळेपर्यंत.

निघायच्या दिवशी किल्ली खाली रखवालदाराला द्यायच्या आधी मी रिकाम्या हॉलमध्ये उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "अहो, चला आता. मी एकटी नाही जाणार." मग दार बराच वेळ उघडं धरून ठेवलं.

थॉमसने पाहिलं, कॅमेऱ्याने पाहिलं, आता तुम्हीही पाहिलंत. म्हणजे पुरावा आहे, पण अर्थ मला अजून लागलेला नाही. आजोबा माझ्याबरोबर आले की तिथेच राहिले, तेही कळलेलं नाही. पुण्यात मे महिन्यात वावटळ सुटली, की सगळे खिडक्या लावायला धावतात. मी आधी बाल्कनीच्या उंबऱ्याकडे बघते.

अजून तरी तो कोरडाच आहे.